एरोबारचं माप

सायकल ही माझी हौस कधीच नव्हती. चाकणला कंपनीत जायला बस आहे, बसमध्ये माझी ठरलेली खिडकी आहे आणि त्या खिडकीला डोकं टेकून कासारवाडी ते कंपनीचं गेट एवढी झोप आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाला याहून जास्त काय लागतं हे मला अजून उमगलेलं नाही. तरीही मी सायकलवर चढलो, तेही बायकोच्या पळण्यापायी. त्यानंतरचे काही महिने मी सायकल चालवणं सोडून सायकलचं बाकी सगळं केलं.

नेहा, म्हणजे माझी बायको, महापालिकेच्या शाळेत शिकवते आणि पहाटे उठून पळते. कुणी मागे लागलेलं नसताना माणसाने का पळावं हा प्रश्न मी तिला सुरुवातीला विचारला होता, नंतर सोडून दिला. तिला एकदा, निदान एकदा, नंबर लावून खऱ्या शर्यतीत पळायचं होतं. एका वर्षी तिने नाव दिलं तर माझ्या बहिणीचं लग्न त्याच दिवशी निघालं. पुढच्या वर्षी शाळेने तिला कसल्याशा सर्वेक्षणाच्या ड्यूटीवर पाठवलं. दोन्ही वेळा ती काही बोलली नाही, शर्यतीचा टी-शर्ट तेवढा घडी घालून कपाटात ठेवला. न बोलणाऱ्या बायकोबरोबर राहणं किती थकवणारं असतं, ते ज्याचं त्याला माहीत.

यंदा तिच्या धाकट्या भावाने मार्ग काढला. संघर्ष वाकडला आयटीत आहे आणि ट्रायथलॉन करतो. पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, हे सगळं एकाच सकाळी, आणि त्यासाठी आपणच पैसे भरायचे. राजगुरुनगरच्या पुढे धरणावर अशी एक शर्यत होती आणि तिच्यात तिघांची रिलेही होती. संघर्ष पोहणार, नेहा पळणार, मधली सायकल माझी. मी नको म्हणायच्या आत माझं नाव गेलं होतं. नियम असा, की सायकलवाला ठरलेल्या वेळेत परत आला नाही तर पळणाऱ्याला सोडतच नाहीत.

नेहा एवढंच म्हणाली, "तुम्ही पहिले या, शेवटचे या, मला काही नाही. फक्त मला पळायला मिळू द्या."

त्या वाक्यानंतर माझी झोप बसमध्येसुद्धा लागेनाशी झाली.

संघर्षने नवी सायकल घेतली होती, जुनी तो माझ्यासाठी घेऊन आला. "जय भीम, दाजी. रॉकेट आहे ही, सांभाळून," म्हणत त्याने ती हॉलमध्ये उभी केली. तिच्या हँडलवरून पुढे दोन शिंगं आली होती आणि शिंगांच्या मुळाशी दोन छोट्या गाद्या होत्या. हे एरोबार. गाद्यांवर कोपरं टेकायची, शिंगं धरायची, पाठ आडवी करायची आणि वाऱ्याला पत्ता लागू न देता निघून जायचं, अशी त्यामागची कल्पना. मी कोपरं टेकली. पाठ आडवी व्हायला निघाली, पण मध्ये पोट आलं. वाऱ्याला माझा पत्ता चांगलाच लागला असता.

"फिट करून घ्यायला लागेल," संघर्ष म्हणाला.

वाकडला सायकलचं माप घेणारं एक दुकान आहे. त्याला दुकान म्हणायचं नाही, स्टुडिओ म्हणायचं. तिथल्या मिनल मॅडमनी मला मांडीला चिकटणारी अर्धी चड्डी घालायला लावली, घोट्यापासून खांद्यापर्यंत टिकल्या चिकटवल्या आणि रस्त्याकडच्या काचेसमोर सायकलवर बसवलं. बाहेर एक रिक्षावाला चहा पीत थांबला होता. त्याचा चहा संपला तरी तो गेला नाही.

"सर, खाली उतरा. पाय सरळ ठेवून बोटं जमिनीला लावून दाखवा."

"लावली."

"सर, ती गुडघ्याला लागलीत."

मॅडम अतिशय सभ्य होत्या. त्यांनी संगणकावर माझे सगळे कोन पाहिले, पुन्हा पाहिले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आपण असं करू सर. सायकल आहे तशी राहू दे. आधी तुम्हाला ॲडजस्ट करू." मग त्यांनी मला व्यायाम लिहून दिले आणि ते जमायला लागले की या, असं सांगितलं.

आता मी कोण, तर ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागाचा प्रमुख. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक पकडणं हा माझा धंदा. माझ्या एका सहीने अख्खी बॅच परत जाते. त्या माणसाला एका मुलीने माप न बसणारा भाग म्हणून परत पाठवावं, हे मनाला लागलं. येताना मी गाडीत संघर्षला सांगून टाकलं, की हे माप मी घरी घेईन.

घरी सायकल ट्रेनरवर चढवली. ट्रेनर म्हणजे मागचं चाक अडकवून जागच्या जागी पेडल मारायचा स्टँड. त्याचा आवाज असा, की वरच्या मजल्यावरच्या मंजुळाबाई गव्हाचा डबा घेऊन दारात आल्या. घरघंटी आणली हे चांगलं केलंत, म्हणाल्या, खालच्या गिरणीत फार गर्दी असते. घरघंटी नाही हे पाहून त्यांचा चेहरा इतका उतरला, की नेहाने त्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाजाची तक्रार सोसायटीत केली आणि सायकल खाली पार्किंगमध्ये गेली.

पार्किंगमध्ये दुसरा प्रश्न उभा राहिला. सोसायटीत स्टिकर दोनच, दुचाकीचा आणि चारचाकीचा. ट्रेनरवरची सायकल धड यातही नाही आणि त्यातही नाही. हा निवाडा करायला चेअरमन यशवंतराव स्वतः आले. आमची इमारत त्यांच्याच शेतात उभी आहे. आंब्याचं झाड कुठे होतं ते दाखवायला ते आम्हाला अधूनमधून लिफ्टपाशी घेऊन जातात. बैलगाडा शर्यतीच्या घाटात त्यांच्या बैलजोडीचं नाव आहे, आणि आयुष्यात त्यांनी दोनच गोष्टी गांभीर्याने पाहिल्या, जमीन आणि बैल. त्यांनी सायकलला एक फेरी मारली आणि स्टिकरचं विसरूनच गेले.

"हे जू लई म्होरं गेलंय," ते म्हणाले.

"काका, जू नाही, एरोबार आहे."

"नाव काय बी ठिवा. ज्याच्यावर भार टेकायचा त्ये जूच. बैल असा ताणला तर घाटात दम तोडंल. मागं घ्या. वर बी घ्या वाईच. आन् बैठक खाली करा, पाय लोंबत्यात तुमचं."

मी बसून पाहिलं. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटलं. तेव्हापासून यशवंतराव रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसू लागले. त्यांचा सल्ला एकच असे, मागं घ्या आणि वर घ्या. आज सीट खाली आली की उद्या गुडघे कोपरांना लागत. कोपरं वर घ्यावीत तर शिंगं लांब वाटत. शिंगं मागे घ्यावीत तर त्यांची मागची टोकं पोटात टोचत. एक बोल्ट सैल करावा तर दुसरा घट्ट करायची वेळ येई, आणि हे सगळं माणसाने कंपनीतून आल्यावर करायचं.

खरी अडचण वेगळीच होती. सायकलवर बसलेल्या माणसाला स्वतःचं माप बाजूने बघता येत नाही. बघायला उतरलं की वर कुणीच नसतं. यशवंतरावांना मोजपट्टी दिली तर ते हाताने वीत मारून सांगत. इथे माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. कंपनीत माप तपासायचं गेज लावताना आम्ही येणारा प्रत्येक भाग धरून बसत नाही. एक पक्का, तपासलेला नमुना असतो, त्याला मास्टर पीस म्हणतात. गेज त्या मास्टरवर सेट करायचं आणि पुढे तेवढा फरक धरायचा.

"नेहा," मी म्हणालो, "तू मास्टर हो."

"म्हणजे काय करू?"

"वर बस आणि पेडल मारत राहा. मी खालून माप घेतो. तू माझ्यापेक्षा चार बोटं कमी आहेस, तेवढं मी नंतर वाढवीन."

नेहा रोज संध्याकाळी बसू लागली. मी गुडघ्यांवर बसून कोनमापक लावी, बोल्टला ॲलन की लावून फिरवी, मान वाकडी करून बघे आणि म्हणे, "थांबू नकोस, मार पेडल." तिला काही दिवसांत कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण तिने पोरांच्या उत्तरपत्रिका आणून गाद्यांवर ठेवायला सुरुवात केली. कोपरं टेकलेली, पाठ आडवी, पाय फिरतायत आणि लाल पेनाने गुण दिले जातायत. सहामाहीचे पेपर ती त्याच सायकलवर तपासू लागली. यशवंतराव कौतुकाने बघत आणि म्हणत, "बाईची बैठक झ्याक हाय." मी ते मास्टरचं कौतुक समजून पुढच्या बोल्टकडे वळत असे.

एव्हाना शिंगांची मागची टोकं कापायची वेळ आली होती आणि कोपरं उचलायला गाद्यांखाली ठोकळे हवे होते. ही कामं आमच्या टूल रूममध्ये चहा प्यायच्या वेळात होतात. मी एरोबार काढले, पिशवीत घातले आणि बसमधून आत नेले. बस थेट आत जाते, तिथे पिशवी कुणी बघत नाही. बाहेर पडताना मात्र बघतात. संध्याकाळी गेटवर रंगराव उभे होते. रंगराव आमचे सिक्युरिटी सुपरवायझर, फौजेतून आलेले, आणि नियमाबाबत फौजेहून कडक.

"साहेब, ही वस्तू आत आल्याची नोंद कुठंय?"

"नोंद नाही. माझी स्वतःची आहे, घरून आणली."

"नोंद नाही म्हणजे ती आत आलीच नाही साहेब. जी आत आली नाही ती मी बाहेर कशी सोडू?"

मी बराच वेळ विचार केला आणि यात मला कुठेही चूक सापडली नाही. सापडणार कशी, मागच्या ऑडिटनंतर हा नियम मीच लिहून दिला होता. बस निघून गेली. एरोबार गेटवरच्या कपाटात गेले आणि मी चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये एका शेअर रिक्षात चौथा बसून घरी आलो.

स्वतःची वस्तू बाहेर काढायचा कुठलाच मार्ग कंपनीत नव्हता. मार्ग फक्त कंपनीच्या मालाला होता, आणि त्यातही सगळ्यात सोपा नापास मालाला. नापास करणं तर माझ्याच हातात होतं. दुसऱ्या दिवशी मी एरोबारला लाल टॅग लावला, कारण लिहिलं "मापात बसत नाही", आणि शेरा मारला, पुरवठादाराला परत. पर्चेसवाले म्हणाले पुरवठादाराचं नाव द्या, त्याशिवाय चलन निघत नाही. मी संघर्षचं नाव आणि मेल दिला. त्याच दुपारी एरोबार सन्मानाने गेटबाहेर पडले. रंगरावांनी सॅल्यूटही केला.

एक गोष्ट मी विसरलो. माल परत गेला की आमची यंत्रणा पुरवठादाराला आपोआप मेल पाठवते. दोष का आला त्याचं मूळ कारण शोधा, पाच वेळा "का" विचारा आणि सुधारणा कळवा. संघर्षला वाटलं दाजींनी गंमत केली. त्याने आयटीवाल्याला शोभेल अशा टापटिपीने उत्तर धाडलं, आणि ते उत्तर नियमाप्रमाणे प्लांटमधल्या सगळ्या विभागप्रमुखांना गेलं.

"दोष: कोपर गादीवर नीट टेकत नाही. का? हँडल लांब पडतं. का? पुढे वाकता येत नाही. का? मध्ये अडथळा येतो. का? दाजींचं पोट. का? ताईला विचारावे. सुधारणा: पुरवठादाराच्या हातात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये प्लांट हेडनी हा मुद्दा पडद्यावर घेतला. "धम्मरत्न, हे बंद करायचं की उघडं ठेवायचं?" असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं. मी बंद करा म्हणालो. ते म्हणाले, सुधारणा झाल्याचा पुरावा लागेल. कँटीनमध्ये त्या दिवशी गुलाबजाम होते. वाढणाऱ्याने माझ्या ताटाकडे पाहिलं आणि पळी मागे घेतली. वीस वर्षांच्या नोकरीत मी त्या कँटीनबद्दल कधी तक्रार केली नव्हती.

तरीही काम झालं होतं. टोकं कापली, ठोकळे बसले, मास्टर वर बसला की सगळे कोन पुस्तकात दिल्यासारखे येत. आता फक्त ते चार बोटांचं वाढवायचं आणि निघायचं, एवढंच उरलं. शर्यतीच्या आधीच्या रविवारी मी पहाटे उठलो, ती काचेसमोरची चड्डी घातली, सायकल ट्रेनरवरून काढायला वाकलो आणि तसाच राहिलो. कमरेत काहीतरी लखकन झालं आणि मला वर येता येईना. यशवंतराव फिरायला निघाले होते. त्यांनी दोन्ही बगलांत हात घालून मला भिंतीला टेकवून उभं केलं, बसलेल्या बैलाला उठवतात तसं.

डॉक्टरांनी वाकायचं नाही, उचलायचं नाही, सायकलचं नावही काढायचं नाही असं बजावलं. मी पलंगावर उताणा पडलो होतो. नेहाने गरम पाण्याची पिशवी दिली, गोळी दिली, आणि म्हणाली, "असू दे. पुढच्या वर्षी बघू." तिने आवाजात काही येऊ दिलं नाही. पण थोड्या वेळाने कपाट उघडल्याचा आवाज आला आणि मला कळलं, की तिसरा टी-शर्ट त्याच घडीवर जाऊन पडला आहे. मला फार वाईट वाटलं. पाठीपेक्षा ते जास्त दुखत होतं, आणि त्यावर गोळी नव्हती.

संध्याकाळी संघर्ष आला, सायकल परत न्यायला. मिनल मॅडमही त्याच्याबरोबर होत्या, पार्किंगमध्ये मी काय केलंय ते त्यांना बघायचं होतं. मी जिना उतरून त्यांच्यामागे भिंतीला धरून उभा राहिलो. नेहा उरलेले पेपर घेऊन सवयीने सायकलवर बसली होती. सायकल जायच्या आधी तिला एवढा गठ्ठा संपवायचा होता. मॅडम बोलता बोलता थांबल्या. त्यांनी एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, नेहाच्या खांद्याला आणि कोपराला हात लावून पाहिला.

"हे फिट कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. किती दिवसांनी कुणीतरी ओळखलं असं वाटलं.

"सर, एक नंबर फिट आहे. मला यात काहीच हलवायचं नाही. पण हे यांचं आहे."

"ती मास्टर आहे," मी समजावून सांगितलं. "माझं चार बोटं वाढवायचं आहे."

"कुठून वाढवणार सर? तुम्ही बार कापलेत."

मी कापलेल्या टोकांकडे पाहिलं. नेहाचे पाय तेवढे फिरत होते. शेवटी यशवंतराव खुर्चीतून म्हणाले, "मी तवाच म्हनलं व्हतं, बाईची बैठक झ्याक हाय. तुमी ध्यान दिलं न्हाई." महिनाभर गाडीभर सल्ले देऊन हा माणूस नामानिराळा झाला.

"ताई," संघर्ष म्हणाला, "तू रोज किती वेळ चालवतेस ही?"

"चालवते कुठे, पेपर तपासते." नेहाने पेनचं टोपण लावलं. "पेपर संपेपर्यंत."

बहीण-भावाचे डोळे एकमेकांना भेटले आणि त्यात मी कुठेही नव्हतो. संघर्षने तिथूनच आयोजकांना फोन लावला. रिलेत एकाने दोन भाग केले तर चालतात का, सायकल आणि पळणं दोन्ही? चालत होते. तिसऱ्या माणसाचं काय, असंही त्याने विचारलं. तिकडून उत्तर आलं, त्यांना सपोर्टरचा पट्टा मिळेल, पण त्यासाठी माघारीचा अर्ज द्यावा लागेल, सोबत डॉक्टरांचा दाखला आणि फोटो. ज्या शर्यतीत मी कधी उतरलोच नाही, तिच्यातून बाहेर पडायला माझा फोटो लागला.

शर्यतीच्या पहाटे आम्ही यशवंतरावांच्या पिकअपमधून गेलो. बैल न्यायची गाडी ती, सायकल मागे कडब्यावर आडवी. धरणाच्या काठावर मंडप होता, कर्णा होता आणि सगळीकडे काटकुळी माणसं घट्ट कपड्यांत उड्या मारत होती. संघर्ष पोहून आला, पायातला वेळ मोजणारा पट्टा काढून नेहाच्या घोट्याला बांधला आणि ती गेली. ती वळणावर गाद्यांवर कोपरं टेकून खाली गेली, पाठ आडवी झाली, आणि ती दिसेनाशी झाली. पार्किंगमध्ये मी तिला रोज बाजूने पाहिलं होतं, पण ती तिथून कधी निघून गेली नव्हती.

मग मी वाट बघितली. सपोर्टरचा पट्टा गळ्यात, डॉक्टरांचा पट्टा पाठीला, आणि ठरलेली वेळ संपत आलेल्या घड्याळाकडे नजर. दोन सायकलवाले पंक्चर होऊन टेम्पोतून आले. तिसऱ्या टेम्पोत ती असेल असं वाटून मी उगाच पुढे झालो. यशवंतराव मंडपातल्या खुर्चीवर चढून रस्ता बघत होते. त्यांनाच ती आधी दिसली. घाटात घालतात तशी त्यांनी शिट्टी घातली, आणि आयोजकांनी त्यांना खाली उतरायला सांगितलं.

नेहा वेळेत आली होती. घामाने भिजलेली, चेहरा लाल, आणि इतकी खूश मी तिला आमच्या लग्नातही पाहिलेली नव्हती. तिने सायकल माझ्या हातात दिली, हेल्मेट हँडलला अडकवलं आणि बूट बदलायला खाली बसली. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. एवढे दिवस मी तिच्यासाठी गुडघ्यांवर बसलो होतो, मला ते माहीत नसलं म्हणून काय झालं. तिने नाडी बांधली, उठली आणि म्हणाली, "डावी गादी सूतभर आत हवी होती." आणि पळाली.

मी तिला झाडीपर्यंत जाताना पाहिलं. तिला पळायला मिळालं होतं. तिसऱ्या वर्षी का होईना मिळालं होतं, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला वाकावं म्हटलं तर पाठ वाकेना. मग मी सायकल कठड्याला टेकवली, एक हात सीटवर ठेवून हळूहळू गुडघ्यांवर बसलो आणि खिशातून ॲलन की काढली. माप कुणाचं घ्यायचं हे मला आता पक्कं माहीत होतं.